कांबळे सरांना सेंटर पाहिजे

माझ्या भाचीच्या लग्नाला कांबळे सर आले खरे, पण मांडवात काही शिरेनात. अत्तर लावणाऱ्या पोरींच्या शेजारी, पाठीमागे हात बांधून गेटातच उभे. मी दोनदा बोलवायला गेले. म्हटलं, "सर, अक्षता पडल्या, पंगत बसली, आता तरी आत चला." तर मला बाजूला घेऊन म्हणतात, "बाई, नवऱ्याकडच्या पावण्यांत एक निळ्या साडीतली हाय बघा. तिला कोण धाकटी भण हाय का, एवढं इचारा की!"

दुसऱ्या कुणी लग्नात असं विचारलं असतं तर चप्पल निघाली असती. सरांना कुणी काही म्हणत नसे. शाहूपुरीत भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, कांबळे सरांना सेंटर पाहिजे. शेवटी मी गेले त्या निळ्या साडीवालीकडे. बहीण होती, पण ती दोन लेकरांची आई होती. सर म्हणाले, "असू दे, जेवूया चला," आणि मग मात्र चार वेळा मठ्ठा मागून घेतला.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. लोक मला विचारतात, एवढी वर्षं बरोबर काम केलंत, कसा होता माणूस? काय सांगायचं? डोक्याला ताप होता, असंच सांगते मी. आणि मग ते विचारणारे निघून गेले की माझे डोळे भरून येतात, त्याला मी काय करू?

आमच्या मुलींच्या शाळेत ते खेळाचे मास्तर आणि मी मराठीची बाई. शाळा सुटली की शाळेच्याच ग्राउंडवर सरांचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ खेळायचा. शाळेतल्या मोठ्या मुली, शाळा सोडून कॉलेजात गेलेल्या मुली, सगळ्या यायच्या. आमचं गाव कुस्तीवर आणि फुटबॉलवर जीव टाकणारं. त्यात बास्केटबॉल, तोही मुलींचा, आणि शिकवणारा माणूस उंचीनं माझ्याएवढा! मी फळ्याच्या वरच्या ओळीसाठी स्टूल घेते, म्हणजे बघा. सर चिडले तरी शिवी देत नसत. "अगं माझे आई!" एवढंच म्हणत आणि कपाळावर हात मारत. मुलींना ते शिवीपेक्षा जास्त लागायचं.

संघ बाहेरगावी न्यायचा तर बरोबर एक बाई लागते, म्हणून मला मॅनेजर केलं. मी साफ सांगितलं, मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही. सर म्हणाले, "कशाला कळाय पाहिजे? तुमी पोरींच्या पिशव्या मोजा." वर मलाच शिकवायला बसले. "हे बघा बाई. पोरगीनं बॉल मारला. रिंगमधनं गेला तर उत्तमच. न्हाय गेला तर परत आपल्या हातात कोण आणणार? रिंगखाली उभी हाय ती. तिला म्हणायचं सेंटर. बाकीच्या चौघी बिनघोर पळत्यात त्या तिच्या जिवावर."

आणि ही सेंटर त्यांना टिकत नव्हती, हेच सरांचं दुखणं. पहिली इथल्याच एका दुकानदाराची मुलगी. हिनं वर्षभर छान खेळून लग्नपत्रिका आणून हातात दिली. दुसरी पोलिसात भरती झाली. तिसरीला पुण्याच्या कुणीतरी नेलं. सर प्रत्येकीच्या निरोपाला गेले, स्टीलचा डबा भेट दिला, तोंड भरून आशीर्वाद दिले आणि मग महिनाभर घुम्म होऊन बसले. स्टाफरूममध्ये बशीतनं चहा पिता पिता म्हणायचे, "एक मिळू दे बाई, पाच वर्षं ऱ्हाणारी. पोरी येत्यात आन् जात्यात. माझा संघ म्हणून कधी हुईतच न्हाय."

म्हणून शोध चालायचा. एसटीत बसले की कुणाचे गुडघे पुढच्या सीटला लागतात ते बघायचे. कुणाच्या घरी गेले की पाणी मागायचे, तहान नसली तरी. तांब्या आणून देणारीची बोटं तांब्याभोवती किती फिरतात ते त्यांना बघायचं असे. पण त्यांची खरी युक्ती वेगळीच होती. सर आठवडी बाजारात जाऊन बांगड्या भरणाऱ्या कासारांशी दोस्ती करायचे. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, "सर, हे काय भलतंच?" तर म्हणाले, "बाई, जिल्ह्यातल्या पोरींची मनगटं कुणाच्या हाताखालनं जात्यात? उंची लपवता येती, पोक काढून चालता येतं. मनगट कुठं लपवणार?"

गारगोटीच्या बाजारातल्या कासारानंच एकदा सांगितलं, "गुरुजी, पलीकडच्या गावात एक पोरगी हाय. माझ्याकडचं मोठ्यात मोठं माप बी तिच्या हातात चढत न्हाय." झालं! सरांनी त्याला गावाचं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, येत्या रविवारी येतो म्हणून निरोप ठेवला आणि मला फोन केला. "बाई, रविवार मोकळा ठेवा. पोरीच्या घरात जायचं म्हंजे बाईमाणूस बरोबर पाहिजे."

मी कुरकुर करतच गेले. गावात पोचलो तर घर शेणानं सारवलेलं, दारात रांगोळी, ओट्यावर चुलते, मामा, आजोबा अशी सात-आठ माणसं फेटे-टोप्या घालून बसलेली. सर मला हळूच म्हणाले, "बघा बाई, खेळाची किती आवड हाय लोकांस्नी!" आत गेलो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. सर जय भीम घालून बसले आणि बसल्या बसल्या सरळ मुद्द्यावर आले. "मी कोल्हापुरात बास्केटबॉलचा संघ चालवतो. तुमची मुलगी खेळंल का म्हणून बघाय आलोय."

मुलीचा बाप गवंडी. हाडानं मोठा, बोलायला गरीब. तो हसून म्हणाला, "व्हय व्हय, कळलं की." चुलतेही हसले. मग त्यांनी सरांना विचारलं, तुमचं मूळ गाव कुठलं, जमीन किती, घर स्वतःचं का भाड्याचं, पुतणे किती, काय करतात. सर सगळं सांगत गेले. मला वाटलं, पोरगी परक्या गावात पाठवायची, चौकशी करणारच.

मग पोहे घेऊन मुलगी आली, सुजाता. हिरवं लुगडं नेसलेली, डोक्यावर पदर, मान खाली. रुंद हाडाची, पण उंची बेताचीच दिसत होती. सरांचा चेहरा पडला. बापाला विचारलं, "उंची किती?" तो घाईनं म्हणाला, "पाच-पाच. जास्त न्हाय, जास्त न्हाय." सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. फेरी फुकट गेली होती.

तरी चहा येईपर्यंत बसणं आलंच. आजोबांनी सरांना उसाच्या भावात गुंतवलं. सुजाता ट्रे हातात घेऊन तशीच उभी. थोड्या वेळानं ट्रेमधल्या उरलेल्या बशा किणकिण वाजायला लागल्या. मी वर बघितलं तर पोरीच्या कपाळावर घाम, ओठ दातांखाली. सरांनीही बघितलं. बोलता बोलता थांबले, बशी खाली ठेवली आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "पोरी, कवापासनं गुडघं वाकवून उभी हाईस गं?"

पोरीनं आईकडे बघितलं. सर म्हणाले, "अगं, मी रोज पोरींस्नी असंच उभं करतो. दोन मिनटात रडाय लागत्यात. मला कळत न्हाय व्हय? हो बघू सरळ."

सुजातानं ट्रे माझ्या हातात दिला आणि ती सरळ झाली. हळूहळू होतच गेली. अय्यो! तिचा पदर वरच्या तुळईला घासला. मी तोंडाला हात लावला, आणि सर बसल्या जागेवरनं उठले आणि दोन्ही हात जोडून "अगं माझे आई!" म्हणाले. त्या दिवशी त्यात राग नव्हता.

मग मात्र ते बापावर उखडले. "लेकीच्या उंचीची लाज वाटती काय तुमास्नी?" बाप रडकुंडीला आला. "तसं न्हाय वो सर. आदूगर तीन ठिकाणांस्नं नकार आला उंचीपायी. तुमच्या पुतण्यानं बी न्हाय म्हटलं तर?"

"कुठला पुतण्या?"

"स्थळ घिऊन आलासा न्हवं?"

मग सगळा उलगडा झाला. त्या भागात मुलगी बघायला थेट जात नाहीत. नकार द्यायची वेळ आली तर मुलीची शोभा होते. म्हणून काहीतरी निमित्त काढायचं. बैल बघायला आलोय, बियाणं मागायला आलोय. इतकी समजूतदार पद्धत आहे ती. त्यात कासारानं सांगितलेलं, कोल्हापूरचं पावणं पोरीच्या मनगटाचं माप विचारून गेलंय. मग घरच्यांनी काय समजायचं? बास्केटबॉल म्हणजे निमित्तच! एक चुलता तर मला म्हणाला, "आमी म्हटलं, शिकल्याली माणसं हायत, निमित्त बी जरा नव्या पद्धतीचं काढल्यात."

मी इतकी हसले की मला ठसका लागला. सर हसले नाहीत. त्यांनी बापाला समोर बसवून घेतलं आणि म्हणाले, "उंची तुमी दिलीसा. उभं ऱ्हायला मी शिकवतो. पाच वर्षं मला द्या ही पोरगी. पाच वर्षं स्थळाचं नाव काढायचं न्हाय. कॉलेजचं, ऱ्हायचं, खायचं माझ्यावर." बाप काही बोलायच्या आत आतनं आवाज आला, "मी जानार." तिचा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

सुजाता आली आणि सर दहा वर्षांनी तरुण झाले. वसतिगृहात राहायची, रात्रीचं जेवण सरांच्या घरी. वहिनी, म्हणजे सरांच्या मंडळी, मला सांगायच्या, "आमच्या घरात भाकरीचं पीठ आता दुप्पट लागतंय, पण ह्यांचं भांडण निम्म्यावर आलंय." गंमत म्हणजे, जे सोसून सोसून घरी शिकली होती तेच पोरीच्या कामाला आलं. रिंगखाली गुडघे वाकवून ठाण मांडलं की तिला कुणी माईची लाल हलवू शकत नव्हती. सर सगळ्यांना सांगत सुटायचे, "हे शिकवाय मला वरीस लागतं. ही घरनंच शिकून आल्या." बाकीच्या मुलीही बदलल्या. बॉल चुकला की आधी माना टाकायच्या, आता मागे वळून बघतसुद्धा नसत. सुजाता आहे की!

तिसऱ्या वर्षी आम्ही राज्याच्या स्पर्धेत पहिल्या चारांत आलो. मला अजूनही त्या खेळातलं सगळं कळत नव्हतं, पण मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, हे खोटं कशाला सांगू? परतीच्या गाडीत सर मला म्हणाले, "बाई, अजून दोन वर्षं. मग मी रिटायर झालो तरी चालतंय." त्यांच्या मांडीवर ट्रॉफी होती आणि ती त्यांनी कोल्हापूर येईपर्यंत खाली ठेवली नाही.

महिन्याभरानं एका सरकारी खात्याच्या संघाच्या प्रशिक्षक बाई पुण्याहून आल्या. खेळाडू बघायला. निवड झाली की कायमची नोकरी. त्या यायच्या आदल्या दिवसापासून सर गप्प होते. मला वाटलं, आनंदानं. ग्राउंडवर गेले तर सुजाता खुर्चीवर बसलेली, गुडघ्याला पट्टी. मी विचारलं, "काय गं, कधी लागलं?" तिनं सरांकडे बघितलं. त्या बाईंनी खेळ बघितला, मग खुर्चीकडे बोट करून विचारलं, "ही कोण? हिची उंची किती?"

सर म्हणाले, "पाच-सात आसंल. गुडघा गेलाय तिचा. तिचं काय न्हाय."

पाच-अकराची पोरगी! तिच्या तोंडावर! माझ्या हातातली पाण्याची बाटली पडली. सर माझ्याकडे बघेनात. त्या बाई नाव-पत्ता देऊन निघून गेल्या.

सुजाता त्या रात्री जेवायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच, शाळा भरायच्या आधी, ग्राउंडवर हजर. पट्टी सोडलेली. मी ऑफिसच्या पायरीवर होते, मला सगळं ऐकू आलं. ती सरांच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि एवढ्या उंचावरनं बोलायचं म्हणजे तिला मानच खाली घालावी लागली. "सर, माझ्या बानं उंची कमी सांगितली तवा तुमी त्याच्यावर ओरडलासा. म्हणून मी तुमच्या मागनं आलो. त्यानं माझं लगीन व्हावं म्हणून कमी केलं. तुमी कशापायी केलंसा?"

आमच्याकडच्या मुली बोलताना "आलो, गेलो" असंच म्हणतात. त्या दिवशी मात्र ते मला फार खडं वाटलं.

सर तिथंच कोर्टाच्या कडेला खाली बसले. "मला एक तरी पुरी पाच वर्षं बघायची हुती गं," म्हणाले. बास, एवढंच. सुजाताही खाली बसली. मला सरांचा राग आला होता, फार आला होता. आणि तरी त्या क्षणी मला त्यांचीच दया आली. माणसानं एकच गोष्ट मागावी जन्मभर, आणि ती मिळाली की ती दुसऱ्याच्या पायात अडकावी!

त्याच दिवशी सरांनी मला आणि सुजाताला घेऊन पुणे गाठलं. वाटेत चहासुद्धा घेतला नाही. त्या बाईंच्या ऑफिसात शिरले आणि बसायच्या आत म्हणाले, "मॅडम, काल मी खोटं बोललो. पोरगी पाच-अकरा हाय. गुडघं ठणठणीत हायत. लबाडी माझी, तिची न्हाय. तिला शिक्षा नको."

त्या बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "सर, ती खुर्चीवर बसली होती तरी शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या खांद्याला लागत होती. मला डोळे आहेत. प्रत्येक गावात एक तरी सर मला असं खोटं सांगतात. परत येऊन कबूल करणारे मात्र अजून कुणी भेटले नव्हते." आणि सुजाताकडे वळून म्हणाल्या, "बूट आणलेस का गं?"

निवड झाली. बाप पेढे घेऊन आला, सरांच्या पाया पडला. सरांनी त्याला उठवून मिठी मारली आणि म्हणाले, "स्थळं आता रांगेत येतील बघा. घाई करू नका म्हंजे झालं."

जायच्या दिवशी वहिनींनी दशम्या बांधून दिल्या. चार वाजले, साडेचार वाजले, सर काही आले नाहीत. सुजाताचं सामान घेऊन मी रिक्षा बोलावली. माझं डोकं तापलं होतं. बाकीच्या सगळ्यांना डबा देऊन निरोप दिलात, आणि हिच्या वेळी तोंड लपवताय? मी रिक्षात तोंडातल्या तोंडात बडबडत होते. सुजाता म्हणाली, "बाई, बोलू नका त्यास्नी काय. रिक्षा ग्राउंडवरनं घ्या फक्त."

कुंपणाशी रिक्षा थांबवली. आत सराव चालला होता. चार मुली नेहमीसारख्या पळत होत्या, आणि रिंगखाली, सुजाताच्या जागेवर, सर उभे होते. छप्पन्न वर्षांचा माणूस, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पोट पुढं, दोन्ही हात वर. मुली पास द्यायच्या, बॉल त्यांच्या हातांच्या वीतभर वरनं निघून जायचा. ते उडी मारायचे, धापा टाकायचे, परत जागेवर येऊन हात वर करायचे. मुलींना हसू आवरत नव्हतं.

एका मुलीला आम्ही दिसलो. ती बॉल छातीशी धरून सुजाताकडे बघत थांबली. सरांनीही बघितलं. क्षणभरच. सुजातानं हात वर केला. सरांचे हात वरच होते, ते त्यांनी खाली घेतले नाहीत. त्या मुलीवर मात्र खेकसले, "अगं माझे आई! तिकडं काय बघतीस? बॉल हिकडं दे! सेंटर हिकडं हाय!"

मुलीनं बॉल टाकला. सरांनी उडी मारली.

सुजाता कुंपणाची जाळी धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. रिक्षावाल्यानं वळून मला हळूच विचारलं, "बाई, गाडी चुकंल. निघायचं न्हवं?" मी म्हटलं, "थांब जरा."